कमोडची हलणारी सीट : इतिहास, धोका आणि घरच्या घरी दुरुस्ती

गुडघेदुखी, सांधेबदल शस्त्रक्रिया किंवा वाढते वय यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या घरी भारतीय बैठकीच्या जागी कमोड आला आहे. पण त्याची सीट बसताना डावी-उजवीकडे सरकत असेल, तर बहुतेक घरांत तिकडे दुर्लक्षच होते. ही सीट ढिली का होते, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. तो थोडक्यात पाहू.

दगडापासून लाकडापर्यंत

बसून शौच करण्याची सोय फार जुनी आहे. इजिप्तमधील अमार्ना येथे सुमारे ३३०० वर्षांपूर्वीची चुनखडीची सीट सापडली आहे. तिच्या मधोमध किल्लीच्या भोकासारखा आकार कोरलेला आहे. रोमन काळात संगमरवरी बाकांना ओळीने भोके पाडलेली असत आणि लोक शेजारी-शेजारी बसत. या सीटा जड आणि पक्क्या होत्या. त्या हलण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे युरोपातील राजवाड्यांत मखमलीने मढवलेली लाकडी पेटी आली. तिच्या आत भांडे असे. 'कमोड' हा मूळ फ्रेंच शब्द, त्याचा अर्थ 'सोयीचे'. आधी तो खणांच्या कपाटाला वापरत, नंतर भांडे लपवणाऱ्या फर्निचरला आणि शेवटी आपल्याकडे थेट शौचपात्रालाच हे नाव चिकटले.

१५९६ साली इंग्लंडमध्ये सर जॉन हॅरिंग्टन यांनी पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचकूपाचे वर्णन छापले. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग यांनी वाकड्या नळीचे पेटंट घेतले. त्या वळणात पाणी साचून राहते आणि गटाराची दुर्गंधी घरात येत नाही. आजही आपल्या कमोडखाली हीच युक्ती काम करते. पण तेव्हाही सीट म्हणजे भक्कम लाकडी पेटीचे झाकणच होते.

सीट ढिली होऊ लागली ती इथून

१८८० च्या दशकात थॉमस ट्वायफर्ड यांच्यासारख्या इंग्लिश कारखानदारांनी एकसंध चिनी मातीचे, स्वतःच्या पायावर उभे राहणारे भांडे बाजारात आणले. भोवतीची लाकडी पेटी गेली. तिच्यात साचणारी ओल आणि घाण गेली. आरोग्याच्या दृष्टीने हा मोठा फायदा होता. मात्र आता सीटला आधार उरला तो मागच्या दोन भोकांतल्या दोन बोल्टांचा. चिनी माती ठिसूळ असल्याने बोल्ट फार आवळता येत नाही, म्हणून मध्ये रबराचा वायसर घालावा लागतो. आपण बसतो, कलतो, उठतो, तेव्हा प्रत्येक वेळी सीटवर आडवा जोर येतो. रबर दबते, नट सैल होतो.

'क्विक रिलीज' सीट ही याच मालिकेतली पुढची पायरी. बिजागरीपाशी घाण साचते, म्हणून बटण दाबून पूर्ण सीट काढून धुण्याची सोय केली. सोय वाढली, पण एक सांधाही वाढला.

हे डॉक्टरने का सांगावे?

कारण सीट सरकली की वयस्कर माणसाचा तोल जातो. उठताना रक्तदाब उतरून चक्कर येणारे, लकव्यातून सावरणारे किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांना धोका अधिक. हाडे ठिसूळ असतील तर एवढ्याशा पडण्यानेही खुब्याचे हाड मोडू शकते.

दुरुस्ती कशी कराल?

१. हातमोजे घाला. मागचे बटण दाबून (काही सीटांना दोन बटणे असतात) सीट सरळ वर उचला.
२. भांड्यावर दोन खुंट्या दिसतील. त्यांच्याभोवतीची घाण साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा.
३. सीट तात्पुरती बसवून ती मधोमध आहे का पाहा. खुंट्या त्याप्रमाणे सरकवून सीट पुन्हा काढा.
४. स्क्रू वरून दिसत असेल तर स्क्रूड्रायव्हरने आवळा. नट भांड्याच्या खाली असेल तर तो एका हाताने धरून ठेवा, नाहीतर दोन्ही एकत्र फिरत राहतील.
५. हाताला घट्ट लागल्यावर अगदी थोडेच आणखी फिरवा. जास्त जोर लावला तर भांड्याला तडा जाईल.
६. तरीही हलत असेल तर रबर कडक झाले असेल. वायसर किंवा पूर्ण बिजागरी बदला.
७. सीट परत बसवताना दोन्ही बाजूंनी 'टक्' आवाज यायला हवा. एकाच बाजूने बसलेली सीट ढिल्या सीटपेक्षा धोकादायक. नंतर हाताने आडवी ढकलून पाहा.

बिजागरीवर ॲसिड ओतू नका, धातू गंजतो. आणि ॲसिड व ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

सीटला तडा गेला असेल तर ती चिकटवत बसू नका, बदला. घरात ज्येष्ठ असतील तर भिंतीला पक्का दांडाही बसवून घ्या. उठताना आधार त्या दांड्याचा घ्यावा, सीटचा नव्हे. महिन्यातून एकदा सीट हलवून पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही. आज घरी गेल्यावर एकदा पाहाच.