स्पंदकांच्या अतितीव्र गॅमा किरणांचा उगम: उटीच्या आरशांपासून हानलेपर्यंत

१/ हिवाळ्यात जतच्या मोकळ्या माळावरून वृषभ रास स्पष्ट दिसते. तिच्या एका शिंगाच्या टोकाजवळ १०५४ साली चिनी ज्योतिषांनी ‘पाहुणा तारा’ पाहिला. तो ताऱ्याचा महास्फोट होता. त्याच्या अवशेषात, म्हणजे खेकडा तेजोमेघात, आज एक न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे ३० फेऱ्या घेत आहे.

२/ १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल यांना पहिला स्पंदक सापडला. पुढच्याच वर्षी खेकड्यातला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांचा अभ्यास तेव्हा मुरलेला होता. बी. व्ही. श्रीकंठन, पी. व्ही. रामण मूर्ती आणि सहकाऱ्यांनी लगेच प्रश्न घेतला: हे तारे त्याच ठेक्यात अतितीव्र गॅमा किरणही धाडतात काय?

३/ या किरणांची ऊर्जा दृश्य प्रकाशकणाच्या हजारो कोटी पट असते. पण ते जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. वातावरणात त्यांच्यापासून कणांचा वर्षाव होतो आणि काही अब्जांश सेकंद टिकणारी निळसर चेरेन्कॉव्ह चमक उमटते. ती टिपण्यासाठी उटीला सर्चलाइटचे आरसे चंद्रहीन, निरभ्र रात्री आकाशाकडे वळवले गेले. पुढे हे काम पचमढीला गेले.

४/ अडचण मोठी होती. साधे विश्वकिरणही तशाच चमका पाडतात, आणि त्यांची संख्या कितीतरी अधिक. १९७० व ८० च्या दशकांत अनेक देशांतील गटांनी ठेका सापडल्याचे जाहीर केले. अधिक संवेदनशील दुर्बिणींना ते संकेत पुन्हा दिसले नाहीत. १९८९ मध्ये अमेरिकेतील व्हिपल दुर्बिणीला तेजोमेघाचे अखंड किरण मिळाले, स्पंदकाचे नव्हे.

५/ दरम्यान वाद उगमस्थानाचा होता. किरण ध्रुवांजवळ, पृष्ठभागालगत जन्मत असतील, तर तिथले प्रचंड चुंबकीय क्षेत्रच अतितीव्र किरणांचे कणजोड्यांत रूपांतर करील. ते बाहेर निसटणार नाहीत. दूरवर जन्मत असतील, तर निसटतील. म्हणजे किरणाची ऊर्जाच त्याच्या जन्मस्थळाची साक्ष देणार होती.

६/ ती साक्ष २००८ मध्ये मिळाली. कॅनरी बेटांवरील मॅजिक दुर्बिणीने खेकडा स्पंदकाचा ठेका २५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर टिपला आणि ध्रुवालगतचा उगम बाद झाला. २०११ मध्ये ॲरिझोनातील व्हेरिटासने १०० अब्ज ओलांडले. २०१६ मध्ये मॅजिक दीड लाख कोटींवर पोहोचली. चुंबकरेषांवरून वळणाऱ्या कणांच्या प्रारणाने एवढी ऊर्जा समजावता येईना. वेगवान इलेक्ट्रॉन मंद प्रकाशकणांना धडकून आपली ऊर्जा देतात, हे स्पष्टीकरण पुढे आले.

७/ ही धडक नेमकी कुठे घडते? ताऱ्याबरोबर फिरणारे चुंबकावरण जिथे प्रकाशाचा वेग गाठील, ती सीमा खेकड्यात ताऱ्यापासून सुमारे १,६०० किमीवर येते. उगम त्या सीमेजवळ मानावा की पलीकडच्या कणवाऱ्यात, यावर एकमत नाही. २०२३ मध्ये नामिबियातील हेस दुर्बिणींनी वेला स्पंदकाचे २० लाख कोटींपर्यंतचे किरण नोंदवले आणि पेच वाढला.

८/ भारतात हाच शोध आता लडाखमधील हानलेला, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर चालू आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या, २१ मीटर व्यासाच्या मेस दुर्बिणीचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. आरसा वाढला, जागा उंचावली. टिपायची आहे ती मात्र उटीला टिपली जात होती तीच क्षणिक निळी चमक.