कंपनांतून श्यानतेचे मापन : उष्णतेवर चालणारे सिलिकॉनचे सूक्ष्मसंवेदक

पाक एकतारी झाला की नाही, हे दोन बोटांत धरून कळते. चालत्या इंजिनातील तेलाची दाटी मात्र अशी अजमावता येत नाही. द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना जो विरोध होतो, त्याला श्यानता म्हणतात. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता सुमारे १ मिलिपास्कल-सेकंद असते. मधाची त्याच्या हजारो पट. वंगण फार पातळ झाल्यास धातूवर धातू घासतो, फार दाट झाल्यास ते वेळेवर पोहोचत नाही. केशनलिकेतून द्रव वाहण्यास लागणारा वेळ मोजण्याची पद्धत विश्वसनीय आहे. पण त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत न्यावा लागतो. यंत्रातच मापन करण्यासाठी सिलिकॉनचे सूक्ष्मसंवेदक उपयोगी पडतात.

अशा संवेदकात एका टोकाशी जखडलेली, काही मायक्रोमीटर जाडीची पट्टी असते. तिच्यातील रोधातून प्रवाह सोडला की तापलेला भाग प्रसरण पावतो आणि पट्टी वाकते. थंड होताच पूर्ववत होते. प्रवाहाची दिशा कोणतीही असली तरी उष्णता निर्माण होतेच; म्हणून केवळ प्रत्यावर्ती प्रवाह दिल्यास पट्टीला त्याच्या दुप्पट वारंवारतेने ठोके बसतात. स्थिर प्रवाहाची जोड दिल्यास मूळ वारंवारतेचे ठोकेही मिळतात. ठोक्यांची वारंवारता पट्टीच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली की अनुस्पंदन होऊन कंपने मोठी होतात.

ही कंपने ओळखण्यासाठी सिलिकॉनचाच एक गुण कामी येतो. ताण पडल्यास त्याचा विद्युतरोध लक्षणीय बदलतो, हे चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये दाखवले. उष्णतेने कंपन घडवणे व रोधावरून ते मोजणे, या दोन्हींचा मेळ घालणारे ‘रेझोनिस्टर’ हे उपकरण आयबीएमच्या संशोधकांनी १९६८ मध्ये मांडले. त्याचा हेतू मात्र विशिष्ट वारंवारता निवडण्याचा होता.

पट्टी द्रवात बुडवली की दोन बदल होतात. सोबत हलणाऱ्या द्रवाचा भार वाढल्याने अनुस्पंदनाची वारंवारता उतरते. श्यान घर्षणामुळे ऊर्जा खर्च होऊन अनुस्पंदनाचे शिखर बुटके व रुंद होते. दोन्ही नोंदी मिळून घनता व श्यानता वेगळ्या काढता येतात. पट्टी स्वतःच्या प्रतलात डोलवल्यास ती द्रव ढकलण्याऐवजी मुख्यतः कापते आणि शिखर अधिक टोकदार राहते. एक लाख हर्ट्‌झ वारंवारतेला पाण्याचा जेमतेम २ मायक्रोमीटरचा थर या डोलण्यात ओढला जातो. त्यामुळे थेंबभर नमुनाही पुरतो. परंतु पृष्ठभागावर साचलेले पुटही मापन बिघडवते.

खरी अडचण चालना देणाऱ्या उष्णतेचीच आहे. पाण्याची श्यानता तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे २ टक्क्यांनी घटते. तेलांची बहुधा याहून अधिक. म्हणजे संवेदक जे मोजतो, तेच तो बदलूही शकतो. म्हणून प्रवाह अल्प ठेवणे, तापमान त्याच जागी नोंदवणे आणि श्यानता ठाऊक असलेल्या द्रवांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. तापमानाची नोंद नसलेल्या श्यानतेच्या आकड्याला अर्थ नसतो.