कानशीचा कीस आणि रुंद रेषा

पाषाणला १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली. १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स कंपनी निघाली आणि टेकडीच्या अलीकडे, आपल्या कोथरूडला, तिचा इंजिनांचा कारखाना उभा राहिला. कानस चालविणारा फिटर आणि क्ष-किरणांनी भुकटी तपासणारा संशोधक यांचा संबंध काय, असे कुणी विचारील. तो संबंध कानशीच्या किसात आहे.

धातू म्हणजे असंख्य बारीक स्फटिकांचा समूह. त्याच्या भुकटीवर क्ष-किरण सोडले की ठराविक कोनांवर रेषा उमटतात. ही रीत १९१६ साली जर्मनीत डिबाय आणि शेरर यांनी प्रसिद्ध केली. स्फटिक जितका लहान तितकी रेषा रुंद, हे शेररने १९१८ साली दाखविले. पण न तापविता ठोकलेल्या वा घासलेल्या धातूच्याही रेषा रुंदावतात. का? एक पक्ष म्हणे, स्फटिकांचे तुकडे झाले. दुसरा म्हणे, आत ताण भरला. अणूंचे थर कुठे जास्त, कुठे कमी ताणले गेले. सगळे थर सारखेच ताणले असते, तर रेषा नुसती सरकली असती.

१९४३ साली इंग्लंडात स्टोक्स, पॅस्को आणि लिप्सन यांनी तांबे तपासून ताणाच्या बाजूने कौल दिला. १९५३ साली विल्यमसन आणि हॉल यांनी कानशीने काढलेला अॅल्युमिनियम व टंगस्टनचा कीस घेतला. त्यांची युक्ती सोपी होती. एकच रेषा पाहू नका; लहान कोनापासून मोठ्या कोनापर्यंतच्या सगळ्या पाहा. ३० अंशांवरची रेषा सोडून १२० अंशांवरची घेतली, तर लहान आकाराने येणारी रुंदी सुमारे दुप्पट होते. ताणाने येणारी जवळजवळ साडेसहापट. यंत्राची स्वतःची रुंदी मात्र आधी वजा केली पाहिजे. त्यासाठी तापवून सावकाश निवविलेला, ताण उतरलेला नमुना लागतो.

हा भेद पंडितांपुरता नाही. मोडलेला भाग समोर ठेवून ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ एवढेच कारण लिहिलेले चौकशीचे कागद मी पुष्कळ वाचले आहेत. खूण एक असली तरी कारणे दोन असू शकतात. ती वेगळी करण्याची रीत शास्त्राने दिली आहे. निवाडा लिहिण्यापूर्वी ती वापरली गेली का, हे विचारण्याचा हक्क आपला आहे.