निष्क्रिय प्रकाशीय जाळे व ग्रामीण ब्रॉडबँड : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
प्राचीन वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. येथे १९३९ मध्ये मिळालेला द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट हा ग्रामदानाचा आदेश आहे. राजसत्तेचा शब्द गावापर्यंत पोहोचविण्याचे ते त्या काळचे साधन होते. आज हे काम प्रकाशतंतू करतो. या तंतूच्या टोकाशी असलेल्या उपकरणांचा इतिहास पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

तंत्राचा विकास :
भारतात स्थानिक दूरध्वनी केंद्रांना जोडणारा पहिला प्रकाशतंतू १९७९ मध्ये पुण्यात कार्यान्वित झाला. मात्र प्रत्येक ग्राहकाला केंद्रापासून स्वतंत्र तंतू देणे खर्चिक होते. १९८० च्या दशकात ब्रिटिश टेलिकॉमच्या संशोधकांनी एकच तंतू अनेकांत विभागण्याचा मार्ग मांडला. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने अशा जाळ्याचे ‘जी.९८३’ हे मानक संमत केले. २००३ मध्ये ‘जी.९८४’ म्हणजेच जीपॉन मानक आले.

रचना :
या जाळ्यात केंद्रातील ओएलटी, वाटेतील स्प्लिटर व ग्राहकाकडील ओएनटी अशी तीन उपकरणे असतात. स्प्लिटरला विजेची गरज नसते, म्हणूनच हे जाळे ‘निष्क्रिय’ होय. जीपॉनमध्ये केंद्राकडून सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट माहिती येते आणि ती सर्व ग्राहकांत वाटली जाते. भारनियमन अनुभवलेल्या विदर्भात वाटेत वीज न लागणे ही मोठी सोय आहे. तथापि दोन्ही टोकांना वीज लागतेच, हे विसरून चालणार नाही.

भारतनेट आणि काटकसरीचे मोल :
ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्यास मान्यता दिली. पुढे हीच योजना ‘भारतनेट’ झाली. तीत जीपॉन तंत्र निवडले गेले. सी-डॉट या संस्थेने त्याची देशी उपकरणे विकसित केली. तालुक्याकडील जुना तंतू वापरून केवळ उरलेले अंतर नव्या तंतूने जोडावयाचे, अशी मूळ आखणी होती. त्यामुळे खर्च वाचला. परंतु झाडाच्या फांदीप्रमाणे गावाला एकच वाट उरली. रस्त्याच्या खोदकामात ती तुटली की पुढील सारी गावे बंद. पीकविम्याच्या अंतिम दिवशी असे घडल्यास सोयाबीन उत्पादकाला तालुक्याची वाट धरावी लागते. ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात वलयाकार रचना व देखभालीची तरतूद आली. मूळ आखणीतील उणिवेची ही अप्रत्यक्ष कबुलीच म्हणावी लागेल.

निष्कर्ष :
२०१८ मध्ये वाशीमची गणना आकांक्षित जिल्ह्यांत झाली. अशा जिल्ह्यात ‘गाव जोडले’ ही नोंद पुरेशी नाही. ते किती दिवस जोडलेले राहिले, हे महत्त्वाचे. त्याकरिता ग्रामपंचायतीत जोडणी बंद पडल्याची व सुरू झाल्याची तारीखवार नोंदवही असावी. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम विद्यार्थ्यांकरवी हाती घ्यावे. ताम्रपट धातूचा होता म्हणून टिकला; तंतूचा इतिहास मात्र नोंदविला तरच टिकेल.