बरे झाल्यावरची तपासणी: एका सवयीचा इतिहास

१/ कागल पंचतारांकित एमआयडीसीत पाळी सुटताना फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडतो. त्यात एखाद्याची मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया वर्षापूर्वी झालेली असेल, तर ते चेहऱ्यावरून ओळखू येणार नाही. भूक लागते, काम जमते, दुखत काहीच नाही. मग डॉक्टर पुन्हा दुर्बिणीच्या तपासणीला का बोलावतात? याचे उत्तर शंभरहून अधिक वर्षांच्या इतिहासात आहे.

२/ आरंभ लंडनमध्ये होतो. अर्नेस्ट माइल्स या शल्यविशारदाने गुदाशयाच्या कर्करोगाच्या आपल्याच रुग्णांचा मागोवा घेतला. ५७ जणांपैकी ५४ जणांत रोग परतला होता. हा हिशेब त्याने लपवला नाही. रोग कोणत्या वाटेने पसरतो हे शोधून १९०८ मध्ये त्याने अधिक व्यापक शस्त्रक्रिया मांडली. म्हणजे रुग्णाची पुढे विचारपूस झाली, म्हणूनच शस्त्रक्रिया सुधारली.

३/ १९३२ मध्ये लंडनच्याच सेंट मार्क्स रुग्णालयात कथबर्ट ड्यूक्स यांनी या कर्करोगाचे तीन टप्पे ठरवले: भिंतीच्या आत असलेला, भिंत ओलांडलेला आणि लसिका ग्रंथींत पोहोचलेला. कोणाला अधिक धोका आहे, हे आता आधी सांगता येऊ लागले. मात्र उरलेले आतडे आतून पाहायचे कसे, हा प्रश्न तसाच होता.

४/ मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब, वळणावळणांचे. त्या काळची ताठ नळी जेमतेम २५ सेंटिमीटर आत जाई. १९५४ मध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या लवचीक जुडीतून प्रतिमा नेता येते, हे दाखवून दिले. तीन वर्षांनी बेझिल हिर्शोविट्झ यांनी त्याच तत्त्वावर जठराची दुर्बीण तयार केली.

५/ १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या यांनी आतड्यातला पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेली गाठ, दुर्बिणीतूनच तारेच्या फासाने काढला. पोट उघडावे लागले नाही. कर्करोग बहुधा अशाच पॉलिपमधून, अनेक वर्षांत घडतो. तो काढल्याने पुढचे कर्करोग टळतात, हे १९९३ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने दाखवले. पाहणारे साधन आता रोखणारेही झाले.

६/ आजचे वेळापत्रक यातूनच आले. शस्त्रक्रियेनंतर साधारण एका वर्षाने कोलोनोस्कोपी. काही न आढळल्यास पुढे तीन वर्षांनी, मग पाच वर्षांनी. गाठीने वाट अडवल्यामुळे आधी पूर्ण आतडे पाहता आले नसेल, तर तीन ते सहा महिन्यांतच. यकृतात किंवा फुप्फुसात परतलेला रोग मात्र दुर्बिणीला दिसत नाही. त्यासाठी सीईए ही रक्ततपासणी आणि सीटी स्कॅन असतात.

७/ महाराष्ट्रातही ही नोंद ठेवण्याची परंपरा आहे. १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९८७ मध्ये बार्शीत देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरले.

८/ आता पुन्हा कागलच्या फाटकाशी येऊ. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी पातळ आहार आणि पोट साफ करणारे औषध घ्यावे लागते. दुसऱ्या दिवशी तपासणी. म्हणजे दोन दिवसांचा खाडा. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने विमाधारकाच्या आजारपणातील मजुरीचा काही भाग सुरक्षित केला. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात तो लाभ ८० टक्के आहे. पण ठणठणीत दिसणारा माणूस तपासणीसाठी रजा मागतो, तेव्हा मुकादमाला आणि कधी घरच्यांनाही ती चैन वाटते.

९/ ती चैन नाही. माइल्सच्या वहीतील त्या ५४ जणांना परत बोलावूनही त्या काळच्या वैद्यकाला फारसे काही करता आले नसते. आज करता येते. आपल्या घरात कोणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर फाइल उघडून पुढच्या तपासणीची तारीख पाहा. ती उलटून गेली असेल, तर उद्याच डॉक्टरांना विचारा.