वेळेवर पोचवणाऱ्यांचा मुलूख

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सध्या दोनच विषय चालतात. एक बिबट्या, आणि दुसरा "सामान अजून आलं नाही". पुण्यामुंबईतल्यांची तक्रार अशी की दहा मिनिटांत देतो म्हणाले आणि पाऊण तास लावला. गावाकडच्यांची तक्रार त्याहून साधी. सकाळी दहा ते बारा म्हणाले होते, आले दिवेलागणीला. आमच्या आईला तर मंचरच्या अलीकडे हायवेवरूनच फोन आला होता, "मावशी, गाडी आत वाडीपर्यंत येत नाही, तुम्हीच फाट्यावर या." गुडघे धरून बसलेल्या बाईने दहा किलो आटा फाट्यावरून आणायचा, तर मग घरपोच कशाला म्हणायचं?

चिडचिड खरीच आहे. पण मला गंमत वेगळ्याच गोष्टीची वाटते. ज्या जुन्नर-आंबेगावात सामान वेळेवर येत नाही, त्याच जुन्नर-आंबेगावातली माणसं सव्वाशेहून जास्त वर्षं मुंबईत लोकांचं जेवण वेळेवर पोचवत आली आहेत! म्हणून म्हटलं, जरा मागे जाऊन बघू.

मागे म्हणजे किती? तर पार सातवाहनांपर्यंत. नाणेघात तुम्ही बहुतेकांनी बघितलाय. जुन्नर तालुक्यातल्या घाटघरहून खाली कोकणात उतरणारी ती दगडात खोदलेली वाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल याच वाटेने वर जुन्नरला यायचा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकायचे असं सांगतात. म्हणजे डिलिव्हरी चार्ज आधी, माल नंतर :)

त्या काळी वेळेचा हिशेब कसा होता? इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' नावाचं ग्रीक भाषेतलं एक पुस्तक आहे, व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं. त्यात दिलंय की भडोचहून दक्षिणेला पैठण वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला तगर, म्हणजे आपलं तेर, आणखी दहा दिवसांवर. माल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून. ही झाली 'अपेक्षित वेळ'. आणि त्याच पुस्तकात एक फसलेली डिलिव्हरीसुद्धा आहे! कल्याण हे आधी रीतसर बंदर होतं, पण नंतर सत्ता बदलली आणि तिथे चुकून येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. म्हणजे जुन्नरच्या व्यापाऱ्याचा माल कल्याणच्या तोंडाशी येऊन परस्पर गुजरातेत गेला असेल. त्याने कुणाला फोन लावला असेल?

हे जुन्नर म्हणजे लहानसहान गाव नव्हतं. आसपासच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत आणि त्यांतल्या लेखांत दान देणाऱ्यांमध्ये धान्य विकणाऱ्यांची श्रेणी आहे, तसेच यवनही आहेत. धान्यवाल्यांच्या या संघटनेने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. दोन हजार वर्षांपूर्वी किराणावाल्यांची पत एवढी होती की डोंगरावर त्यांची नोंद राहिली.

मग गणित कुठे बिघडलं? माझ्या मते इंग्रजी अमदानीत, रेल्वे आली तेव्हा. १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली आणि १८६५ मध्ये थळघाट. जुन्नर या दोघांच्या बरोबर मधे राहिलं. जुना घाट ओस पडला, नवा रूळ आपल्याकडे आलाच नाही. आजही दोन्ही तालुक्यांत मिळून रेल्वेचं एकही स्टेशन नाही.

माल आला नाही तसा माणसांना रोजगारही पुरेना. कोरडवाहू जमीन, भावाभावांत वाटण्या, पाऊस पश्चिमेच्या डोंगरात धो धो आणि पूर्वेला टिपूस नाही. मग माणसं मुंबईला निघाली. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसं जमवून डबे पोचवायचं काम सुरू केलं, असं सांगितलं जातं. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी, अकोले या पट्ट्यातूनच पुढे माणसं येत गेली. एक गेला की त्याने चुलतभाऊ नेला, त्याने मेव्हणा. १९५६ मध्ये त्यांचा ट्रस्ट झाला, १९६८ मध्ये असोसिएशन. करोनाच्या आधी साधारण पाच हजार माणसं रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवत होती, असा अंदाज दिला जातो. रूळ ज्यांच्या गावात आला नाही, त्यांनी आपला सगळा धंदा लोकलच्या रुळावर उभा केला!

त्यांचं कौतुक पुष्कळ झालंय. १९९८ मध्ये 'फोर्ब्ज'ने लिहिलं, २००३ मध्ये प्रिन्स चार्ल्स चर्चगेटला भेटून गेले, २०१० मध्ये हार्वर्डने अभ्यास केला. 'सिक्स सिग्मा'चं सर्टिफिकेट मिळालं असंही आपण सगळे अभिमानाने सांगतो, पण तसं सर्टिफिकेट कुणी मोजमाप करून दिलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याची गरजही नाही. सर्टिफिकेटपेक्षा पद्धत बघण्यासारखी आहे.

एक म्हणजे एका माणसाकडे डबे मोजकेच, तीसचाळीस. रोज तेच घर, तेच ऑफिस. डब्यावर रंग, अक्षरं आणि आकड्यांच्या खुणा, त्याही अशा की फारसं न शिकलेल्यालाही वाचता याव्यात. प्रत्येक टोळीत एखाददुसरा जादा माणूस, कुणी आजारी पडला तर त्याच्या जागी जायला. ड्युटीवर दारू प्यायला किंवा डोक्यावर टोपी नसली तरी दंड. आणि हे सगळे नोकर नाहीत, धंद्यात भागीदार आहेत. डबा उशिरा गेला तर नाव आपलंच जाणार.

दुसरी गोष्ट आपण गिऱ्हाईक म्हणून विसरतो. डबेवाल्याचा नियम गिऱ्हाइकालाही असतो. ठरल्या वेळी डबा भरून दारात तयार पाहिजे. रोज रोज वाट बघायला लावलीत तर तो तुमचं काम सोडून देतो, कारण तुमच्या पाच मिनिटांसाठी बाकीच्यांची गाडी चुकते.

असाच दुहेरी शब्द ग्राहक चळवळीतही दिसतो. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारची कुटुंबं एकत्र येऊन महिन्याची यादी आधी भरून देणार, माल ठरल्या दिवशी एका घरी येणार आणि बायका मिळून तो वाटून घेणार. झटपट काहीच नव्हतं, पण तारीख पक्की होती.

आता आपल्या ॲपवाल्या दुकानाकडे बघा. दहा मिनिटांत सामान येतं ते शहरात, गोदाम दोन गल्ल्यांपलीकडे असतं म्हणून. आमची वाडी त्या हिशेबात बसतच नाही. पत्ता "मारुतीच्या देवळामागे, विहिरीजवळ". पोरगा रोज नवा, रस्ता त्याला माहीत नाही, ऑर्डरी किती येतील ते त्याच्या हातात नाही. वेळ ठरवते मशीन आणि बोलणी खातो तो. बरं, आहे कोण तो? आपल्याच शेजारच्या गावचा, बारावी झालेला कुणाचा तरी मुलगा.

याचा अर्थ तक्रार करू नये असा नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत मिळायला हवी आणि महिन्याभरात निकाल. तेवढं जरूर मागा. पण तक्रार कंपनीकडे करा, फाट्यावर उभ्या असलेल्या पोरावर ओरडू नका.

कारण मार्च २०२० नंतर काय झालं ते आपण पाहिलंय. लोकल बंद झाल्या, ऑफिसं बंद झाली आणि डबेवाले गावी परतले. त्यातच ३ जूनला निसर्ग वादळाने जुन्नर-आंबेगावात पत्रे उडवले. ज्यांनी कधी उशीर केला नव्हता त्यांच्याकडे पोचवायलाच काही उरलं नव्हतं. नंतर लोकल सुरू झाल्या, पण घरून काम करणाऱ्याला डबा कशाला? बरेचजण परत गेलेच नाहीत. त्यांची पुढची पिढी आता कुणाच्या तरी ॲपवर गाडी चालवते. काम तेच, पोचवण्याचं. फक्त भागीदारी गेली. आज्याच्या धंद्यात वेळ चुकली तर पंचायत बसायची आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यायची. नातवाच्या धंद्यात स्टार कमी होतात, बस्स.

माल वेळेवर येतो तो वेगाने नाही, ओळखीने येतो, असं मला हे सगळं वाचताना वाटत राहिलं. पोचवणाऱ्याला घर ओळखीचं असावं आणि घरच्यांना तो.

असो. आपल्या घराण्यात डबे टाकणारे कोण कोण होते, कुठल्या स्टेशनवर होते, हे आत्या-काकांनी आठवेल तसं लिहून कळवा. मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरीची पावती किंवा खुणा रंगवलेला एखादा जुना डबा माळ्यावर असेल, तर भंगारात देऊ नका. जुन्नरच्या धान्यवाल्यांचं नाव दगडावर आहे म्हणून टिकलं. यांचं नुसतं पत्र्यावर आहे.