ससूनमधला कैदी

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सचं एक ऑपरेशन झालं. रुग्ण ५४ वर्षांचा, येरवडा तुरुंगातून आणलेला. राजद्रोहासाठी १९२२ च्या मार्चमध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली होती. नाव मोहनदास करमचंद गांधी. सर्जन होते कर्नल मॅडॉक, सरकारी नोकरीतले इंग्रज डॉक्टर.

पेच दोन्हीकडे होता. १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये गांधींनी डॉक्टरी पेशाला झोडपलं होतं. माणूस जास्त खातो, डॉक्टर गोळी देतो, बरं वाटलं की माणूस पुन्हा जास्त खातो, असा त्यांचा मुद्दा होता. आता तेच टेबलावर होते. आणि सरकारला धास्ती वेगळीच: हा कैदी दगावला तर?

मुंबईच्या डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहतांची वाट पाहण्याइतका वेळ उरला नव्हता. श्रीनिवास शास्त्री आणि पुण्याचे डॉ. फाटक यांना गांधींच्या इच्छेनुसार बोलावलं गेलं. संमतीचं निवेदन लिहून झालं. काहीही झालं तरी सरकारविरुद्ध आंदोलन नको, हेही त्यात होतं. सही करताना गांधींचा हात थरथरत होता.

ऑपरेशन सुरू असताना वादळी पावसात वीज गेली. नर्सच्या हातातला टॉर्चही विझला. उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं.

पुढचे दिवस संथ होते. आज दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलेला माणूस बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत घरी जातो. तेव्हा पेनिसिलिनचा शोधही लागायचा होता, तो लागला १९२८ मध्ये. जखम भरेपर्यंत पडून राहायचं, एवढंच रुग्णाच्या हाती होतं.

५ फेब्रुवारीला सरकारने गांधींची बिनशर्त सुटका केली. त्यांना ती रुचली नाही. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी खेद व्यक्त केला: कैद्याचं आजारपण हे सुटकेचं कारण होऊच शकत नाही. नावाजलेल्या कैद्याला आजारपणाने दार उघडलं, तर ज्याला कोणी ओळखत नाही त्याचं काय, हा प्रश्न त्यातून आपल्याला पडतोच.

पण त्याच पत्रात तुरुंगाच्या आणि रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांचे आभारही आहेत. नर्सेसनी बहिणीच्या मायेने शुश्रूषा केली, हे ते आवर्जून नोंदवतात. आणि पुढे लिहितात की आता कुठेही जाता येत असलं, तरी जखम भरेपर्यंत मॅडॉक यांच्याच देखरेखीखाली राहायचं ठरवलं आहे.

म्हणजे दार उघडल्यावरही गांधी ससूनमध्येच थांबले, यावेळी स्वतःच्या मर्जीने. मार्चमध्ये ते विश्रांतीसाठी जुहूला गेले. ज्या राज्याशी लढायचं, त्याच्याच डॉक्टरवर विश्वास टाकला आणि उपकार जाहीरपणे मान्य केले. लढाई मात्र त्यांनी सोडली नाही. सहा वर्षांनी ते दांडीला निघाले.